चिठ्ठीत आलेली बाजू

आज 1 ऑगस्ट. पश्चिम किनाऱ्यावरील 61 दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी काल संपली आहे, आणि मालवण तालुक्यातील या माध्यमिक शाळेत लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त वक्तृत्व स्पर्धा सुरू आहे. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ असे म्हणून भाषण सुरू होते, शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ या वाक्यावर टाळ्या पडतात. मध्येच एखादा शब्द निसटला, तर मुलगा छताकडे पाहतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. या पाठांतराचे मोल आम्ही कमी मानत नाही. त्यातून सभाधीटपणा येतो आणि घरी मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या जिभेला प्रमाण मराठीचे वळण लागते. परंतु पाठ केलेल्या भाषणाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

या शाळेतील वादविवाद स्पर्धेत तो विचारला जातो. यंदाचा विषय आहे, ‘पर्ससीन मासेमारीवर संपूर्ण बंदी असावी’. अनुकूल बोलायचे की प्रतिकूल, हे चिठ्ठी ठरवते. नववीतील एका मुलीच्या चिठ्ठीत ‘प्रतिकूल’ आले. तिचे आजोबा रापणकर. होडीने किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभे राहून माणसांनी ओढायचे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. पर्ससीनचे जाळे मात्र भर समुद्रात माशांच्या थव्याभोवती फिरवून खालून दोराने आवळले जाते, आणि त्यामुळे बांगडा व तारली किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ही पारंपरिक मच्छीमारांची अनेक वर्षांची तक्रार आहे. नातीची बाजू कळल्यावर आजोबांनी एवढेच विचारले, “मगे तू त्यांच्या बाजून बोलतलस?”

ती बोलली. त्याआधी बंदरावर जाऊन तिने एका पर्ससीन नौकेच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, नौकेवरचे कर्ज, डिझेलचा खर्च आणि खलाशांची मजुरी यांविषयी विचारले, आणि ते सर्व वहीत उतरवून घेतले. प्रकाशझोतातील एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली, तरी ती थांबली नाही. मग प्रश्न बंदीचा आहे की अंमलबजावणीचा, हा तिचा मुख्य मुद्दा होता. अनुकूल बाजूच्या मुलाने, जाळ्यात लहान मासे मेले तर पुढच्या वर्षी तुमचा तांडेल काय पकडणार, असे विचारले, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून जाळ्याच्या आसाची, म्हणजे छिद्राच्या आकाराची, मर्यादा काटेकोरपणे पाळली पाहिजे.” ऐन वादात समोरच्याचे खरे तेवढे मान्य करणे आम्हाला साऱ्या स्पर्धेत सर्वांत मोलाचे वाटले.

याच जिल्ह्यातील वेंगुर्ल्यात 1922 साली बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म झाला. राजापूर मतदारसंघातून ते 1957 पासून सलग तीनदा लोकसभेवर निवडून गेले. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात दिल्यानंतर 1967 मध्ये त्यांनी, मूलभूत हक्कांच्या बाबतीतही घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला असावा, यासाठी खासगी विधेयक मांडले, तेव्हा ते विरोधी बाकांवर होते. त्यांच्या वक्तृत्वाचे कौतुक कोकणात आजही होते, पण त्या वक्तृत्वामागे असा मुद्द्यांचा अभ्यास होता, हे मुलांना सांगायला हवे.

संध्याकाळी पडवीत जाळे विणत बसलेल्या आजोबांना तिने आपले भाषण पुन्हा म्हणून दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि एकाच वाक्याला हरकत घेतली. रापणीतील मासे सर्वांना सारखे वाटले जातात, असे ती म्हणाली होती; जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा काढावा लागतो, हे त्यांनी समजावून सांगितले. स्पर्धा संपली होती, तरी तिने वही उघडली, ते वाक्य खोडले आणि बाजूला नवे लिहिले.