चालत्या मिलवरचा चार्ज

मंडळी, साखर कारखान्याकडून आयटी सेवेनं काय शिकावं, हा आजचा विषय. मुद्दे तीन आहेत, पण आधी माझ्या वडिलांच्या तळहाताबद्दल बोलतो.

वडील एका सहकारी कारखान्यात मिल फिटर होते. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो, पाळ्या तीन. भोंगा झाला तरी वडील लगेच निघत नसत. येणाऱ्या फिटरला घेऊन एकेका मिलपाशी, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रोलरच्या यंत्रापाशी जात, बेअरिंगवर आधी स्वतःचा हात ठेवत, मग त्याला ठेवायला लावत. "मघापेक्षा गरम लागतंय ना? तेलावर लक्ष ठेव." मगच रजिस्टरवर दोघांच्या सह्या. मी डबा घेऊन गेलेलो असायचो; ते झाल्याशिवाय डबा उघडत नसे.

एवढी काळजी का? मिल थांबली की बगॅस, म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा, थांबतो आणि बॉयलर त्याच बगॅसवर चालतो. शिल्लक संपली की वाफ पडते आणि सगळा कारखानाच मंदावतो. बाहेर गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचं वजन घटतं, साखरही घटते. ते नुकसान गाडीवानाच्या मागं उभ्या असलेल्या शेतकऱ्याचं असतं.

पहिला मुद्दा हाच, पाळी बदलताना चार्ज देणं. आता आमचं ऐका. मी एका आयटी कंपनीत रात्रपाळीला होतो. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलाला सर्व्हरची डिस्क भरत चाललेली दिसली होती. त्यानं तिकिटात, म्हणजे बिघाडाच्या नोंदीत, लिहिलं, 'निरीक्षण चालू आहे', आणि कॅब पकडली. कॅब चुकली तर घरी जायचं कसं, हा त्याचा खरा प्रश्न होता. रात्री दोनला पगाराचं काम अडकलं, पहाटेपर्यंत आम्ही कारण शोधत बसलो. अहवालात मूळ कारण लिहिलं गेलं: मानवी चूक. त्या मुलाचं नाव सगळ्यांना कळलं. पाळ्या जोडणारी दहा मिनिटं रोस्टरमध्येच, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकातच नव्हती, हे कुणीच लिहिलं नाही. याचा राग मला आजही आहे.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय. उरलेलं झटपट सांगतो.

दुसरा मुद्दा, कारखान्यातलं बंदचं रजिस्टर. मिल किती वाजता थांबली, किती वाजता सुरू झाली आणि कारण काय: ऊस नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सफाई. माणसाचं नाव कारणाच्या रकान्यात येत नाही. आपण ग्राहकाशी सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवण्याचा करार करतो, म्हणजे तीस दिवसांत जेमतेम ४३ मिनिटं बंद. ती कशात गेली, ते मिनिटांत लिहा.

तिसरा, ओव्हरहॉलिंग. हंगाम संपला की रोलर उतरवतात, झिजलेले दात वेल्डिंगनं भरून काढतात. आपल्याला हंगामच नाही, म्हणून आपण काहीच उघडत नाही. ठरवून एक रविवार घ्या, बॅकअपवरून सगळं परत उभं करून बघा. उभं राहत नसेल, तर ते रविवारीच कळू दे.

आणि पाळी बदलताना दोघांनी एकाच स्क्रीनसमोर पंधरा मिनिटं बसायचं, हे रोस्टरमध्ये लिहून टाका. ती पंधरा मिनिटं पगारी धरा, आणि कॅबची वेळही तेवढीच पुढं सरकवा.