डॅशबोर्डला भोक पाडण्याआधी

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात पद्मिनी नाहीतर डिलाइट उभी आहे, म्हणून आजचं बोलणं त्याच गाडीभोवती ठेवतो. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट निघाली, पुढच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता ज्या गाड्या उरल्या, त्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी सांभाळलेल्या. तिच्या डॅशबोर्डचा पत्रा एकदा कापला की तसा पत्रा पुन्हा मिळत नाही. म्हणून जादा मीटर कसे बसवायचे याच्या आधी, कशासाठी बसवायचे ते बोलू.

गाडीत ऑइलसाठी एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. आपण समजतो, दिवा विझला म्हणजे ऑइल ठीक. प्रत्यक्षात तो दिवा ज्या स्विचवर चालतो, तो साधारण पाच-सात पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) खाली दाब गेला तरच दिवा लावतो. चालत्या इंजिनाला चाळीसच्या आसपास दाब हवा आणि तुमच्या इंजिनात तो वीसवर आला, तर दिवा गप्पच राहणार. बेअरिंग झिजत जातात, पंप थकतो, ऑइल पातळ होतं. हे सगळं त्या मधल्या अंतरात घडतं आणि दिव्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून माझ्या मते जुन्या गाडीत एकच मीटर बसवायचा असेल, तर तो ऑइल प्रेशरचा. बाकीचे त्यानंतर.

आणि मीटर बसवला म्हणून दिवा काढू नका. टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पितळी सांधा घ्या, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला मीटरची जोडणी. काटा बघायला मान वळवावी लागते, लाल दिवा मात्र आपणहून डोळ्यात भरतो.

इथे आट्यांचं प्रकरण येतं, त्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथेच दुखावतात. ही गाडी मूळची इटालियन, त्यामुळे ब्लॉकवर मेट्रिक आटे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मीटरांचा सेंडर, म्हणजे इंजिनात बसून मीटरला माप पाठवणारा भाग, मात्र एक-अष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे), नाहीतर बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे). या दोघांत इंचाला २७ आणि २८ आटे, इतका बारीक फरक. म्हणजे चुकीचा सेंडरसुद्धा दोन फेरे हाताने आत जातो आणि मग पाना लावायचा मोह होतो. लावू नका. पन्नास-साठ वर्षं जुन्या ब्लॉकचे आटे गेले की मीटर राहतो बाजूला, इंजिन उतरवायची वेळ येते. आटे मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. ती आधी लावून बघा आणि योग्य अॅडॅप्टर करून घ्या. शिवाय जड सेंडर थेट टीवर टांगू नका. इंजिनाच्या थरथरीने पितळ मानेतून तुटतं आणि गरम ऑइल बाहेर येतं. मध्ये छोटा लवचिक होज घालून सेंडर बाजूच्या पत्र्यावर पक्का करा.

गरम ऑइलबद्दल मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या डिलाइटला मी मेकॅनिकल मीटर लावला होता. त्यात ऑइल एका बारीक नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. नळी नायलॉनची होती, आणि बॉनेटमागच्या पत्र्याला भोक पाडून मी ती तशीच आत घेतली. भोकाच्या धारेवर बसणारी रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, लावायचं राहून गेलं. खंबाटकी घाट चढताना पत्र्याच्या धारेने नळी कापली गेली. मला आधी वास आला, मग काटा झपकन खाली आला, आणि शेजारी बसलेल्या आईच्या पायावर तेल ठिबकायला लागलं. तिच्या घोट्यावर भाजल्याचा डाग बरेच महिने होता. चूक पूर्णपणे माझी होती. त्यानंतर एकही भोक मी ग्रोमेटशिवाय सोडलेलं नाही. मेकॅनिकल मीटर आजही मी लावतो, कारण तो खरा दाब दाखवतो, मधे कुठली वायर नाही. पण नळी तांब्याची, इंजिनाकडच्या बाजूला दोन-तीन वेटोळी देऊन, म्हणजे थरथर नळी सोसते, सांधा नाही. ज्यांना केबिनमध्ये ऑइल नकोच, त्यांनी इलेक्ट्रिक घ्यावा.

इलेक्ट्रिक मीटर आणि सेंडर ही जोडी असते, हे विसरू नका. सेंडर म्हणजे बदलता रेझिस्टन्स. एका कंपनीचा मीटर १० ते १८० ओहमच्या हिशेबाने बनलेला, दुसऱ्याचा वेगळ्या. एकाचा सेंडर नि दुसऱ्याचा मीटर जोडला तर काटा हलतो, छान हलतो, पण खोटं सांगतो. खोटं सांगणाऱ्या मीटरपेक्षा मीटर नसलेला बरा.

पाण्याच्या तापमानाच्या मीटरची खात्री घरच्या गॅसवर करता येते. पातेल्यात पाणी ठेवा, सेंडर तारेने लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. सेंडरची अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, आट्यांतून होते, म्हणून त्याच्या अंगाला वेगळी वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. पाणी उकळलं की काटा कुठे थांबतो ते बघा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. शंभराची वाट बघत मीटरला नावं ठेवू नका. आणि एक गोष्ट कायम लक्षात असू द्या: हा मीटर सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. होज फुटून पाणीच निघून गेलं, तर सेंडर हवेत राहतो आणि काटा खाली येतो. घाटात तापलेल्या गाडीचा काटा अचानक उतरला, तर हायसं वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घ्या.

नळ बसवताना गुंडाळतात ती पांढरी टेप सेंडरच्या आट्यांना भरपूर गुंडाळायची सवय आहे लोकांना. त्यामुळे अर्थ तुटते आणि काटा भरकटतो. एनपीटीचे आटे निमुळते असतात, ते आपोआप घट्ट बसतात. मीटरच्या मागेही तसंच. रंगवलेल्या पट्टीवर मीटर बसवला की रंगामुळे अर्थ मिळत नाही. तिथून बॉडीपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढा, तिच्या टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) नीट दाबा आणि जिथे स्क्रू बसणार तिथला रंग खरवडा. रात्री हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा उडी मारत असेल, तर इंजिन तापलेलं नाही, अर्थ कच्ची आहे.

अँपिअर मीटर लावू नका असं मी आता सरळ सांगतो. चार्जिंगचा सगळा करंट त्यातून, म्हणजे तुमच्या गुडघ्यांच्या वरून जातो. त्यात बऱ्याच गाड्यांना बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसलेला असतो; करंट वाढतो, वायर तीच राहते. एक थिंबल ढिली झाली तर आग. व्होल्ट मीटर घ्या. त्याला बारीक वायर पुरते, मागे छोटा फ्यूज घाला. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा, हे अल्टरनेटरवाल्यांसाठी. डायनॅमोवाल्यांनी कमी वेगावर काटा खाली दिसला तर घाबरू नये, डायनॅमो तसाच असतो.

राहिला प्रश्न बसवायचा कुठे. मूळ आडव्या लांबट मीटरला हात लावू नका. ५२ मिलिमीटरची तबकडी सगळीकडे मिळते, तिच्यासाठी पत्र्याची तीन भोकांची पट्टी करून घ्या आणि ती डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, आधीपासून असलेल्या स्क्रूंवर टांगा. गिअरचा दांडा बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगलाच आहे, तो चारही गिअरमध्ये फिरवून, हात पट्टीला लागत नाही ना ते बघा आणि मगच स्क्रू आवळा. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

आता बोलणं पुरे. माझी गाडी फाटकाजवळ उभी आहे, बॉनेट उघडून ठेवलंय. इंजिन थंड आहे. चला, सुरू करून काटा कुठून कुठे जातो ते बघू.