१९ आणि २८ मिळून ६६ कसे? म्हातारपणातला ल्युकेमिया आणि औषधांची जोडी

नमस्कार मंडळी.

आजचा विषय एका प्रश्नावरून घेतलाय. मी काही वर्षं क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर होते. संमतीपत्र समजावून सांगणं, रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावणं, गोळ्या मोजणं, अशी कामं. एकदा एका आजोबांचा मुलगा संमतीपत्राचं बारावं पान उघडून माझ्यासमोर बसला. बोट एका ओळीवर. म्हणाला, "मॅडम, म्हणजे आमच्या बाबांना तुम्ही खोटी गोळी देणार?"

त्याला दिलेलं उत्तर आज जरा सविस्तर सांगते. त्यासाठी उदाहरण घेते माझ्या ट्रायलचं नाही, जगभर गाजलेल्या एका ट्रायलचं. नाव व्हायले-ए.

आधी आजार. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, डॉक्टरांच्या तोंडी 'एएमएल'. बोनमॅरोत, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथे, ब्लास्ट नावाच्या कच्च्या पेशी वाढत जातात. त्या ना धड पांढऱ्या पेशींचं काम करतात, ना इतरांना जागा देतात. घरच्यांना दिसतं ते वेगळंच: ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, पायावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आणि कालपर्यंत देवळात चालत जाणारा माणूस दोन पायऱ्यांवर धापा टाकतोय. "वयच झालंय आता," असं म्हणण्यात दोन-तीन आठवडे जातात, आणि या आजारात दोन-तीन आठवडे खूप असतात.

१९७० च्या दशकापासून यावरचा मुख्य उपचार म्हणजे 'सात अधिक तीन'. सायटाराबिन सात दिवस, डॉनोरुबिसिन तीन दिवस. जबरदस्त केमो. पस्तिशीतल्या माणसाला ती झेपते. पंचाहत्तरीच्या माणसाचं हृदय, किडनी, सगळंच वापरून झालेलं असतं. शिवाय या वयातला एएमएल जात्याच चिवट, गुणसूत्रांत जास्त बिघाड असलेला. म्हणजे आजार जास्त हट्टी आणि माणूस जास्त नाजूक. म्हणून कित्येक वर्षं अशा रुग्णांना सौम्य काहीतरी देऊन घरी पाठवलं जायचं. किंवा तेही नाही.

त्या 'सौम्य' औषधांपैकी एक म्हणजे अझासायटिडीन. १९६०च्या दशकात प्रागमध्ये पहिल्यांदा बनवलेलं रसायन. महिन्यातून सात दिवस इंजेक्शन. पासष्टीच्या वरच्या ४८८ रुग्णांवर त्याची नेहमीच्या उपचारांशी तुलना झाली, २०१५ मध्ये निकाल आला: साधारण जगणं १०.४ महिने विरुद्ध ६.५ महिने. वाचायला बरं वाटतं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक 'निव्वळ योगायोग नाही' असं छातीठोक म्हणता आलं नाही.

आता दुसरं पात्र. गोळी. व्हेनेटोक्लॅक्स.

पेशी खराब झाली की तिनं स्वतःला संपवायचं असतं, तशी सोय शरीरात आहे. बीसीएल-२ नावाचं प्रथिन ती सोय अडवून धरतं. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डेव्हिड वॉ यांनी दाखवून दिलं की हे प्रथिन पेशी वाढवत नाही, पेशीला मरू देत नाही. तोपर्यंत कॅन्सर म्हणजे फक्त बेसुमार वाढ, असाच विचार होता. व्हेनेटोक्लॅक्स या बीसीएल-२ला जाऊन चिकटते आणि अडवलेलं मरण मोकळं करते.

वाटलं असेल, झालं काम. नाही झालं. एएमएलच्या ३२ रुग्णांना नुसती ही गोळी देऊन पाहिली, बहुतेकांचा आजार आधीच्या उपचारांना न जुमानलेला होता. २०१६ मध्ये निकाल छापून आला: प्रतिसाद १९ टक्के. कारण कॅन्सरची पेशी लबाड असते. बीसीएल-२चा आधार काढला की ती एमसीएल-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या आधारानं उभी राहते. आणि गंमत अशी की अझासायटिडीन नेमका हाच दुसरा आधार खिळखिळा करतं. प्रयोगशाळेत हे दिसलं, आणि तिथून जोडी ठरली.

पण प्रयोगशाळेत जमलेल्या किती तरी जोड्या माणसात मोडतात. म्हणून ट्रायल.

(स्क्रीनवर: २८६ | १४५)

४३१ रुग्ण. एकतर वय ७५ किंवा वर, नाहीतर हृदय-फुप्फुसाचे असे आजार की जोरदार केमो देता येणार नाही. मध्यक वय ७६. कुणी कुठल्या गटात जायचं हे संगणकानं ठरवलं, डॉक्टरांनी नाही. डॉक्टरांवर सोडलं तर नकळत तब्येतीनं बरी दिसणारी माणसं नव्या औषधाकडे सरकतात आणि निकाल आपोआप गोड येतो. २८६ जणांना इंजेक्शन अधिक खरी गोळी. १४५ जणांना इंजेक्शन अधिक तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. 'खोटी गोळी' मिळाली तरी उपचाराविना कुणी राहिलं नाही. त्या काळचा मान्य उपचार, म्हणजे अझासायटिडीन, दोन्ही गटांना मिळाला. फक्त त्यावर जादा काय, एवढंच झाकलेलं होतं. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये साधारण असंच असतं. 'बाबांना साखरेची गोळी देऊन मरायला सोडतील' ही भीती मी शंभर वेळा ऐकली आहे. त्यात लोकांची चूक नाही. बारावं पान कुणी नीट वाचून दाखवत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये निकाल छापून आला. आजार पूर्ण मागे हटणं, रक्तपेशी पुरत्या सावरल्या नसल्या तरी ते धरून: फक्त इंजेक्शनवाल्यांत २८.३ टक्के, जोडीवाल्यांत ६६.४. आता १९ अधिक २८ म्हणजे ४७, ६६ नव्हे. खरं तर ही बेरीज करणंच चुकीचं, कारण ते १९ टक्के वेगळ्या, जास्त अडचणीतल्या रुग्णांचे. पण दोन औषधं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून लढतायत हे त्यावरून डोळ्यात भरतं.

जगण्याचा मध्यक ९.६ महिन्यांवरून १४.७ वर गेला.

इथे थांबूया. कारण व्हॉट्सॲपवर हाच आकडा 'ल्युकेमियावर रामबाण' म्हणून फिरतो, आणि कुठल्यातरी घरात तो 'बाबांकडे चौदा महिने आहेत' असा वाचला जातो. दोन्ही चूक. २८६ माणसं एका रांगेत उभी करा. १४.७ महिन्यांचा टप्पा आला तेव्हा साधारण अर्धी माणसं गेली होती आणि अर्धी होती. कुणी दुसऱ्या महिन्यात गेलं, कुणी तीन वर्षांनीही नातवाच्या मुंजीत बसलेलं असेल. ज्यांच्यात टीपी५३ जनुकाचा बिघाड असतो त्यांना या जोडीचा फायदा फार टिकत नाही. आपलं माणूस रांगेत कुठे आहे ते बाहेरून कुणाला सांगता येत नाही. जनुकांची तपासणी केली तर थोडा अंदाज येतो. ती करायला सांगितली तर 'आणखी एक बिल' म्हणून टाळू नका.

मला स्वतःला याहून जास्त आवडलेला आकडा वेगळा आहे. प्लेटलेटच्या पिशव्या न लागता राहणं: फक्त इंजेक्शनवाल्यांत ४९.७, जोडीवाल्यांत ६८.५ टक्के. रात्री अकराला रक्तपेढीच्या काउंटरवर उभं राहून डोनर शोधला असेल, तर या आकड्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

किंमतही मोजावी लागली. पांढऱ्या पेशी घसरून ताप येणं, ज्यात तातडीनं ॲडमिट व्हावं लागतं: १९ टक्क्यांच्या जागी ४२. म्हणून पहिलं आवर्तन बहुतेक रुग्णालयातच होतं. गोळी पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी २००, मग ४०० मिलीग्रॅम, अशी चढवत नेतात, कारण एकदम खूप ब्लास्ट फुटले तर त्यांच्या कचऱ्यानं किडनी बसू शकते. आणि मॅरो साफ झाली की औषध मध्येच काही दिवस थांबवतात. नातेवाईक घाबरतात, "डॉक्टरांनी हात टेकले का?" उलट आहे. पेशींना उगवायला सवड देतायत.

एक फळांचं सांगते. या गोळीबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही. गोळी मोडणारं एन्झाइम ते आतड्यात अडवतं आणि रक्तात गोळीचं प्रमाण भलतंच वाढतं. "आम्ही कुठे ग्रेपफ्रूट खातो?" बरोबर, पण ग्रेपफ्रूट झालं संत्रं आणि पपनसाच्या संकरातून. म्हणजे गणपतीत कोकणातून येतं ते पपनस त्याचा बाप! कमरखही नको. हेच एन्झाइम पोसाकोनाझोल हे बुरशीवरचं औषध फार जोरात अडवतं. ते चालू असेल तर गोळीचा डोस खूप उतरवतात, चारशेच्या जागी शंभर किंवा त्याहूनही कमी. आपल्याकडे काही डॉक्टर याचा खर्च कमी करायलाही उपयोग करतात: दिवसाला चार गोळ्यांऐवजी एक. हुशारी आहे, पण ती डॉक्टरांची. घरी बसून कुणी हा हिशेब करायचा नाही.

आणि प्रत्येक जोडी जिंकते असं नाही. हीच गोळी कमी डोसच्या सायटाराबिनबरोबर २११ रुग्णांवर तपासली, पहिल्या हिशेबात साधारण जगणं ७.२ विरुद्ध ४.१ महिने, आणि संख्याशास्त्रानं मान हलवली: पुरावा पुरेसा नाही. मग लोकांना वाटलं दोनावर तिसरं घालू. मॅग्रोलिमॅब नावाचं अँटिबॉडी औषध व्हेनेटोक्लॅक्स-अझासायटिडीनच्या जोडीत घातलं. २०२४ मध्ये ती ट्रायल थांबवावी लागली. फायदा नव्हताच, मृत्यूचा धोका उलट वाढत होता. त्या फसलेल्या ट्रायलवर कुणी व्हिडिओ करत नाही. पण त्यातल्या माणसांनी संमतीपत्रावर सही केली म्हणून पुढच्यांना ते औषध मिळणार नाही.

आता गोळ्या मोजण्याबद्दल. ट्रायलमध्ये दर महिन्याला रिकामी पाकिटं परत आणायची असतात. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलानं शेवटी सही केली. त्याच्या बाबांच्या, म्हणजे आजोबांच्या, पाकिटांत पहिल्याच महिन्यात दोन दिवसांच्या गोळ्या शिल्लक निघाल्या. मुलगा चिडला. आजोबा शांत. गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहून दिलंत, जेवणानंतर गोळी. एकादशीला मी जेवत नाही. मग गोळी कशी घेऊ?"

मी प्रोटोकॉल उघडला. दीडशे पानांत एकादशी कुठेच नव्हती. डॉक्टरांना फोन लावला. ते दोन क्षण गप्प, मग म्हणाले, "साबुदाण्याची खिचडी खातात का ते विचार. शेंगदाण्याचा कूट घातलेली असेल तर ते जेवणच."

पुढच्या महिन्यात पाकिटं रिकामी आली.