डोंगरावरचा वारा आणि गावची ग्रामसभा

बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या मराठी गावांत पवनचक्की आली तर काय करायचं, हे सांगायला तुम्ही मला बोलावलंत. पवनचक्कीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणणार, हा विजेच्या विरोधात बोलला. सौंदत्ती, गदगकडं माळावर चक्क्या फिरतात. त्यातून वीज येते, तेवढा कोळसा वाचतो. चांगलंच आहे. माझं भांडण एवढंच, की चक्की उभी राहायच्या आधी गावाला विचारतो कोण?

माझ्या मावशीचं गाव आपल्याच भागातलं, पठारावरचं. नाव घेत नाही, कारण तिथली भाऊबंदकी अजून धुमसतेय. तिथं आधी एक बारीक, उंच खांब आला, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. गुराख्या पोरांना सांगितलं, वारा मोजतोय. पोरं खूश, सुट्टीच्या दिवशी तिथंच खेळायची. मग कधीतरी पंचायतीच्या दारावर नोटीस लागली. सगळी कानडीत, आणि पेन्शनच्या यादीखाली अर्धी झाकलेली. कानडी नीट वाचणारी पोरं कामाला पुण्या-मुंबईला. आपल्याकडं कागद कुठल्या भाषेत येतो आणि का येतो, हे या सभागृहात मी सांगायला नको. ज्यांच्या नावावर उतारा, त्यांच्या घरी दलाल रात्रीचे जाऊन सह्या घेऊन आले. सख्ख्या भावानं किती घेतले, ते भावाला ठाऊक नाही!

पुढं जेसीबी आला, पाणंद रुंद झाली. पात्याचा लांबलचक ट्रेलर देवळाजवळ वळेना, म्हणून पारावरच्या पिंपळाची मोठी फांदी तोडली. त्या दिवशी गाव उठलं. चिकाचा वास येतोय, पारावर पानांचा खच पडलाय, आणि बायका ट्रेलरपुढं बसल्यात. साहेब आले, खुर्च्या मांडल्या, चहा झाला. मावशी उठून म्हणाली, "सायेब, ही वीज आमच्या मोटरला दिवसा मिळंल काय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण हेस्कॉमची, म्हणजे इकडच्या वीज कंपनीची, मोटरला लागणारी थ्री फेज वीज रात्री येते आणि माणूस साप-विंचवातून बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातो. साहेबांकडं त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पेपरात मात्र दुसऱ्या दिवशी आलं, "विकासाला गावकऱ्यांचा अडथळा." याचा मला फार राग आहे. विचारलं असतं तर निम्मं गाव हो म्हणालं असतं. रस्ता दुसरीकडून नेला असता, पिंपळ वाचला असता.

आता हे होतं कसं? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना काढायचा, रोज ५००० टन किंवा त्याहून जास्त गाळपाचा, तर पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं सहसा जनसुनावणी लागते. मंडप पडतो, लोक बोलतात, नोंद होते. त्या यादीत पवनऊर्जा नाहीच. वर २०१६ ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ती पांढऱ्या गटात टाकली, म्हणजे मंडळाची संमतीही नको, नुसतं कळवलं की झालं. धूर नाही म्हणून सुनावणी नाही! पण रस्ता आहे, चराऊ रान आहे, आवाज आहे. आपल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारं वटवाघूळ राहतं. उद्या त्या बाजूला कुणी जागा मागितली, तर फिरत्या पात्याखाली वटवाघळं मरतात हे कुठल्या सुनावणीत मांडायचं?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. ज्याच्यासाठी बोलावलंत, ते भराभर सांगतो.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून ५०० मीटरच्या आत चक्की नको असं लिहिलंय. सार्वजनिक रस्त्यापासून मनोऱ्याची उंची, अधिक चक्राचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर, एवढं अंतर. मनोरा १४० चा, चक्र १२० चं, म्हणजे २०५ मीटर. टेप घ्या आणि मोजा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गोमाळाची, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ रानाची जागा मागितली तर कर्नाटकाचे महसूल नियम काढा, शंभर जनावरांमागं १२ हेक्टर चराऊ रान राखायचं असतं. गावातली जनावरं मोजून पंचायतीत नोंदवून ठेवा. वनजमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच कायद्याखाली २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. ग्रामसभेत ताकद आहे, ती भरवली तर.

आणि भाषेचं. घटनेचा ३५० वा अनुच्छेद सांगतो, की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीतला अर्ज परत केला तर परत का केला ते लेखी मागा, पोचपावतीशिवाय हलू नका.

अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, पुढं मराठी आणि मागं कानडी. प्रत्येक गावानं एक न्या. पुढच्या ग्रामसभेची तारीख पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारून त्यावरच लिहा, आणि कंपनीचा माणूस यायच्या आधी तो विषय कार्यपत्रिकेवर घालायला लावा.