क्रियापद आधी

(दृश्य: कॉनेमारातला अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना नुसते दगडावर दगड रचून केलेले बांध. वळणावर लाल काठाची, उलट्या त्रिकोणाची पाटी.)

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे शहर मागे टाकून समुद्राच्या कडेकडेने निघालं की थोड्याच वेळात रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदलते. हा मुलूख म्हणजे गेलताख्त. आयरिश ही इथे अजून घरची भाषा आहे. या पाटीवर दोनच शब्द आहेत: 'गेल श्ली'. गेल म्हणजे दे, सोड. श्ली म्हणजे वाट. वाट दे.

यातलं 'गेल' हे क्रियापद आहे आणि ती आज्ञाही आहे. आयरिश क्रियापदं शिकायला सुरुवात करावी ती इथूनच, कारण शब्दकोश उघडला की क्रियापद आज्ञेच्याच रूपात भेटतं. दून, म्हणजे बंद कर. ब्रिश, म्हणजे मोड. मोल, म्हणजे वाखाण. ओल, म्हणजे पी. 'करणे', 'बसणे' असं णे लावलेलं रूप तिथे मिळायचं नाही. पण मराठी माणसाला हे परकं वाटू नये. आपल्या भाषेत धातू शोधायचा तर आपण 'तू'ला हुकूमच करून पाहतो: बस, ऊठ, कर, मोड. आणि हो, तो 'तू' आयरिशमध्येही 'तू'च आहे. उच्चारसुद्धा तोच, आपल्यासारखाच दंत्य.

(दृश्य: फळ्यावर खडूने एक शब्द. मग त्याच्या पहिल्या अक्षरावर एक टिंब.)

आता भूतकाळ. मराठीत आपण शब्दाच्या शेपटीला हात घालतो: मोड, मोडलं. आयरिश माणूस शब्दाच्या तोंडाला हात घालतो. पहिलं व्यंजन मऊ करायचं, की झाला भूतकाळ. ब्रिशचं व्रिश. मोलचं वोल. दूनचं होतं ग़ून, आणि हा ग घशात घासून काढायचा, गुळणी करताना येतो तसा. या मऊ करण्याला आयरिशमध्ये म्हणतात शेव्यू. सुरुवातीला स्वर असेल तर मऊ करणार काय? मग पुढे द येतो: ओलचं दोल.

जुन्या गेलिक लिपीत हा मऊपणा अक्षरावर एक टिंब देऊन दाखवत. रोमन छपाई रूढ झाल्यावर टिंब गेलं आणि त्याच्या जागी अक्षरानंतर एच आला. आयरिश शब्द कागदावर इतके लांब आणि अवघड दिसतात, त्याला हा एच मोठं कारण आहे. नवख्याने तिथे घाबरू नये. एच दिसला की टिंब आठवायचं.

आता वाक्य. ग़ून शॉन अन दोरस. शब्दाला शब्द ठेवला तर: बंद केलं शॉनने दार. क्रियापद सगळ्यात पुढे, मग करणारा, मग बाकीचं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन बसतं. 'केलं एकदाचं दार बंद' असं आपण म्हणतो ते जोर द्यायला. आयरिशमध्ये ही रोजची, साधी बसणी आहे. त्यातला 'दोरस' आणि आपलं 'दार' हे फार जुन्या काळात एकाच घरातले.

वर्तमानकाळात शेवटही बदलतो. दूनिम, मी बंद करतो. दूनन तू, तू बंद करतोस. 'मी'साठी वेगळा शब्द लागत नाही, तो शेवटात मुरलेला असतो. नकाराला 'नी' लावायचा आणि पुन्हा व्यंजन मऊ करायचं: नी व्रिशन. प्रश्नाला मात्र वेगळी गंमत आहे. तिथे ब वर म चढतो: अ म्रिशन? लिहिताना ब जागेवरच राहतो, पुढे म येतो, आणि तोंडातून फक्त म निघतो. या प्रकाराचं नाव उरू. उरू म्हणजे ग्रहण. मला हे नाव फार आवडतं. व्याकरणाच्या नियमाला इतकं नेमकं नाव क्वचितच मिळतं.

(दृश्य: किनाऱ्यावर उभा म्हातारा, पाण्याकडे बघतोय. कॅमेरा स्थिर.)

इथे जरा थांबू या. ता शे अन्शो: तो इथे आहे. बीन शे अन्शो: तो इथे असतो.

इंग्रजीतून आयरिश शिकणारा या दोन रूपांशी बराच झगडतो, कारण त्याच्या क्रियापदात हा भेद नाही. आत्ता असणं आणि नेहमी असणं, दोन्हींना त्याच्याकडे एकच रूप. आपल्याला कुणी हा फरक शिकवलेला नाही, आईनेच कानात घातला. 'बाबा घरी आहेत' आणि 'बाबा संध्याकाळी घरी असतात' यात आपली कधी गल्लत होत नाही. म्हणून मराठी माणसाने आयरिश शिकताना मधे इंग्रजी आणूच नये असं मला मनापासून वाटतं. 'ता'च्या समोर सरळ 'आहे' लिहावं, 'बीन'च्या समोर 'असतो'. अनियमित क्रियापदंही अशीच आपली वाटतील. ती मोजून अकरा धरतात. 'तर' म्हणजे ये, पण आला म्हणजे 'हानिग'. आपलं तरी काय वेगळं आहे? ये, आला. जा, गेला.

2022 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं सांगितलं. शाळा-कॉलेजच्या बाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे 72 हजार. या दोन आकड्यांमधली दरी बघून वाईट वाटतं. 1937 च्या राज्यघटनेने जिला पहिली राजभाषा म्हटलं, तिची क्रियापदं बहुतेक मुलं वर्गात शिकतात. पण ज्यांना उत्तर द्यायचं अशी माणसं वर्गाबाहेर फार थोडी भेटतात. आणि आयरिश क्रियापद खरं उमगतं ते उत्तर देतानाच.

कारण 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्द या भाषेत नाहीत. क्रियापदानेच विचारायचं, क्रियापदानेच सांगायचं. 'जेवलास का?' 'जेवलो.' आपणही असं बोलतो, पण आपल्याकडे 'हो'ची सोय असते. इथे ती नाही.

(दृश्य: गेलताख्तमधलं स्वयंपाकघर. खिडकीवर पाऊस. टेबलावर किटली, शेजारी दोन कप.)

अन ओलन तू ते? चहा पितोस का?

ओलिम.

(किटली कलते. कपात चहा पडल्याचा आवाज.)