सगळी स्टेशनं एकदम

नमस्कार, श्रोतेहो.

एमआरआयच्या बोगद्यात तुमच्यापैकी कुणी अर्धा तास पडून राहिलं असेल, तर ती ठकठक अजून कानात असेल. तो आवाज यंत्रातल्या वेटोळ्यांचा. खरं बोलणं चालतं ते आपल्याला ऐकू न येणाऱ्या रेडिओलहरींत. यंत्र हाक मारतं, आणि शरीरातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं अगदी क्षीण ओ देतात. ती ओ नीट ऐकायची रीत ज्यांनी दिली, त्या रिचर्ड अर्न्स्ट यांच्याबद्दल आज बोलायचं आहे.

जन्म १९३३ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. मुलगा चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य, वाजवायचा, संगीतरचना करायचा. तेराव्या वर्षी घराच्या माळ्यावर त्याच्या हाती रसायनांनी भरलेली एक पेटी लागली, वारलेल्या एका नातलगाची. मग काय, घरात स्फोट झाले, श्वास घेणं मुश्कील करणारे वास सुटले, आईवडिलांच्या जिवाला घोर लागला. संगीतकार व्हायचं मात्र मागे पडलं.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविज्ञान विद्यापीठात १९६२ साली डॉक्टरेट झाली, पण विद्यापीठाला ते इतके विटले होते की थेट अमेरिकेत, पालो आल्टोच्या, वैज्ञानिक यंत्रं बनवणाऱ्या व्हेरियन कंपनीत गेले. तिथे काम होतं एनएमआरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी हाक मारून पदार्थाची रचना ओळखायची रीत; एमआरआय तिच्यातूनच आलं. तेव्हा हे काम कसं चाले? रेडिओची खुंटी हळूहळू फिरवत स्टेशन शोधावं तसं. बहुतेक वेळ मधल्या खरखरीतच जायचा. अर्न्स्ट आणि तिथलेच त्यांचे सहकारी वेस्टन अँडरसन यांनी १९६४ मध्ये खुंटी फिरवणंच सोडलं. रेडिओलहरींचा एकच आखूड झटका द्यायचा, म्हणजे सगळी केंद्रं एकदम बोलतात. तो गलका टिपायचा आणि फ्रेंच गणिती फूरिए यांच्या गणिताने एकेक सूर वेगळा काढायचा. शिवाय झटके पुन्हा पुन्हा देऊन उत्तरांची बेरीज करायची. शंभर वेळा केलं, तर खरखरीच्या तुलनेत संदेश दहापट उठून दिसतो. मला तर यात चेलोवाल्याचा कान दिसतो.

हा शोधनिबंध एका नियतकालिकाने दोनदा परत पाठवला. १९६६ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. आज जवळपास प्रत्येक एनएमआर यंत्र याच रीतीने चालतं.

१९६८ मध्ये ते झुरिकला परतले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे दीर्घकाळ काम केलेले अनिल कुमार काही वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेत आले. कुमार, डीटर वेल्टी आणि अर्न्स्ट या तिघांनी १९७५ मध्ये हीच फूरिए पद्धत चित्र काढायला वापरून दाखवली. एमआरआय आज त्याच पायावर उभं आहे. आपल्याकडे अनिल कुमार हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

१९९१ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा अर्न्स्ट मॉस्कोहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात होते, बातमी त्यांना आकाशातच कळली. पारितोषिक त्यांना एकट्यालाच मिळालं. त्यात अँडरसन नव्हते, याची हळहळ मला आजही वाटते.

१९६८ मध्ये अमेरिकेहून परतताना नेपाळमध्ये त्यांना थांगका, म्हणजे कापडावरच्या तिबेटी बौद्ध चित्रांनी वेड लावलं. ते वेड २०२१ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत टिकलं. निवृत्तीनंतर विंटरथूरच्या घरातच त्यांनी वर्णपटमापक बसवला होता. जुनं तिबेटी चित्र त्याच्यापुढे धरायचं, रंगाच्या एका ठिपक्यावर लेझरचा किरण टाकायचा, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून चित्रकाराने कोणतं खनिज कुटून तो रंग बनवला ते शोधायचं.