करारातला दुसरा कागद

(इंदूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

बारीक अक्षरांची आपण उगाच धास्ती घेतो. चष्मा लावला की ती वाचता येतात. खरी मेख असते ती समोर नसलेल्या कागदात. सहीच्या जरा वर एक ओळ सापडेल: 'कंपनीच्या वेळोवेळी लागू असलेल्या अटी मला मान्य आहेत.' कुठे आहेत त्या अटी, असं काउंटरवरच्या मुलाला विचारा. तो म्हणेल, 'काका, वो तो वेबसाइट पर है.' म्हणजे आजच्या अटी उद्या बदलल्या, तरी तुमची सही आधीच झालेली!

आरोग्य विम्याचं घ्या. पाच लाखांची पॉलिसी, हप्ता परवडणारा. आत खोलीभाड्याची मर्यादा असते, समजा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे रोजचे 5,000 रुपये. तुम्ही 10,000 ची खोली घेतलीत. वाटतं, वरचे पाच हजार आपण भरू. पण 'प्रमाणशीर कपात' लिहिलेली असेल, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर हा खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधं आणि तपासण्या तेवढ्या या कपातीतून सुटतात. हे बरेचदा 'व्याख्या' या मथळ्याखाली असतं, जिकडे कोणी फिरकत नाही. मी पॉलिसी तिथूनच वाचायला घेतो. नवी पॉलिसी पटली नाही तर परत करायला आता 30 दिवस मिळतात. तेवढे दिवस तरी ती कपाटात टाकू नका.

कर्जाचं त्यामानाने सोपं झालंय. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत बँकेला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर त्यात असतो. एजंट तोंडी काय सांगतो ते राहू द्या, तो कागद मागा.

भंवरकुआँकडे क्लाससाठी खोली घेणाऱ्या मुलांनो, किरायानामा 11 महिन्यांचाच का? वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908 च्या कायद्याने नोंदणी लागते, ती टाळायला. ते असू द्या. लॉक-इन फक्त तुम्हालाच आहे का, ते बघा. मालक महिन्याच्या नोटिशीवर तुम्हाला काढणार आणि तुम्ही मात्र सहा महिने अडकणार, असं असेल तर सहीआधी पेनाने खोडा, नवं लिहा, शेजारी दोघांनी सही करा. छापलेलं बदलत नाही, हा निव्वळ समज आहे.

'वाद झाल्यास चेन्नईत लवाद' हे वाचून मात्र हबकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. एक पाचर आहे. करारच अन्यायकारक आहे, अशी तक्रार असेल तर ती जिल्ह्यात चालत नाही. भोपाळला राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अवाजवी डिपॉझिट, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा, हे सगळं कायद्यातल्या अन्यायकारक कराराच्या व्याख्येत स्पष्ट आलंय. तेव्हा तक्रारीत काय लिहिता, सेवेतली त्रुटी की अन्यायकारक करार, त्यावर तुमची भोपाळची फेरी ठरते.